नाचघरातून सभेत

चेन्नईत डिसेंबर उजाडला की सभासभांतून कर्नाटक संगीताचा हंगाम सुरू होतो. व्हायोलिन आणि मृदंगम् यांच्या मध्ये मांडी घालून बसलेला सॅक्सोफोनवादक दिसला, तर तेथील रसिकांना आता नवल वाटत नाही. याचे श्रेय प्रामुख्याने कद्री गोपालनाथ यांचे.

हे वाद्य पितळी अंगाचे, पण बोलते ते वेताच्या पातळ जिभेने. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. भारतात ते बँडपथकांतून आणि मोठ्या हॉटेलांच्या नाचघरांतून रुळले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकी कृष्णवर्णीय वाद्यवृंद आला. पुढे १९३९ पासून सुमारे दोन दशके तेथे सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांचा बँड वाजत होता. रुडी कॉटन या नावाने गाजलेले वादक मूळचे कावसजी खटाव, म्हणजे चक्क पारशी! या बँडांतील अनेक वादक गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले. रात्री नाचघर आणि दिवसा चित्रपटगीतांचे ध्वनिमुद्रण, असा त्यांतील कित्येकांचा दिनक्रम असे. तबकडीवर मात्र नाव गायकाचे आणि संगीतकाराचे. त्या काळातील एखादा सॅक्सोफोन आज हाती लागला, तर त्यावर कोरलेल्या अनुक्रमांकावरून जाणकार त्याच्या घडणीचे वर्ष सांगू शकतात. वादकाचा पत्ता मात्र लागत नाही.

गोपालनाथांचा जन्म १९४९ चा, दक्षिण कन्नड जिल्ह्यातील. वडील नादस्वरवादक. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि मुलाचे मन तेथेच गुंतले. मंगळूरला गोपालकृष्ण अय्यर आणि मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन हे त्यांचे गुरू.

अडचण होती ती कळांची. कर्नाटक संगीताचा प्राण गमकात. नादस्वराच्या उघड्या छिद्रावरून बोट हळूच सरकवले की स्वर डोलतो. सॅक्सोफोनवर बोट आणि छिद्र यांच्यामध्ये चामड्याची गादी लावलेले झाकण येते आणि स्वर पायरीपायरीनेच चढतात. गोपालनाथांनी ओठांचा दाब, श्वास आणि अर्धवट उघडलेली कळ यांतून गमक काढले. वाद्यातही फेरफार केले. या साधनेत सुमारे वीस वर्षे गेली. परके वाद्य आपलेसे करणे तमिळ भूमीला नवे नव्हते म्हणा. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारी पाश्चात्त्य बँड होता आणि व्हायोलिन, क्लॅरिनेटही याच मातीत मुरले. पण नाचघराचा शिक्का बसलेल्या सॅक्सोफोनला सोवळ्या सभांमध्ये पाट मिळणे अधिक अवघड होते.

१९८० च्या मुंबईतील जॅझ महोत्सवात अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकले आणि आपल्यासोबत वाजवायला घेतले. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये त्यांचे वादन झाले. त्याच वर्षीच्या ‘डुएट’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांच्या संगीतात त्यांचा सॅक्सोफोन घुमला. या वेळी वादकाचे नाव लोकांच्या तोंडी होते. २००४ मध्ये पद्मश्री लाभली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी मंगळूरला त्यांचे निधन झाले. त्या किनारपट्टीवरील लग्नमंडपांत आणि देवळांच्या उत्सवांत आज नादस्वराच्या जागी अनेकदा सॅक्सोफोन वाजतो.