शालेय विद्यार्थी आणि कर्करोग-संशोधनाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण : भोकरदन परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : कर्करोग, प्रात्यक्षिक विज्ञानशिक्षण, पेशीविभाजन, तंबाखू, मराठवाडा

प्रस्तावना

माध्यमिक शाळेत कर्करोग हा विषय बहुधा व्यसनांच्या दुष्परिणामांबरोबर येतो आणि तेथेच संपतो. 'तंबाखूमुळे कर्करोग होतो' हे वाक्य लिहून विद्यार्थी गुण मिळवतो. तंबाखूमुळे पेशीत नेमके काय घडते व ते कोणी, कसे पाहिले, हे त्यास विचारले जात नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरातच तंबाखूची डबी आहे, त्याला ते वाक्य अपुरे वाटणे स्वाभाविक आहे. शालेय वयातच संशोधनाच्या पद्धतीचा प्रत्यक्ष अनुभव भोकरदनसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कितपत देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेने १९५३ पासून शालेय विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीत संशोधकांच्या हाताखाली काम करण्याची संधी दिली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची संशोधन शाखा खारघर येथे आहे. परंतु तेथील प्रशिक्षण प्रामुख्याने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असते.

या क्षेत्रातील मराठी परंपरा मात्र जुनी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली टाटा स्मारक रुग्णालयात संशोधन केले. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे ज्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध 'हेला' पेशी वाढविल्या गेल्या तेथेच, त्यांनी काम केले आणि मायदेशी परतल्यावर मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शालेय विद्यार्थ्यांना हे नाव क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची बाब आहे.

भोकरदनमध्ये काय शक्य आहे?

ऊतिसंवर्धन येथे शक्य नाही आणि त्याचा आग्रहही धरू नये. निर्जंतुक कक्ष, कार्बन डायऑक्साइडचा उष्मापेटक व अखंड वीजपुरवठा यांचा खर्च शाळेला पेलणारा नाही. परंतु कर्करोग हा मुळात पेशीविभाजनावरील नियंत्रण सुटल्याचा विकार आहे, आणि पेशीविभाजन पाहण्यासाठी कांदा पुरतो. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम अभ्यासला. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासमवेत दाखविणारे लेव्हान तेच. कांद्याच्या मुळावरील ही चाचणी आजही रसायनांची विषाक्तता तपासण्यासाठी वापरली जाते.

पद्धती साधी आहे. लहान कांदे पाण्याने भरलेल्या पेल्यांच्या तोंडावर ठेवावेत. दोन-तीन दिवसांत मुळे एक-दोन सेंटिमीटर वाढली की काही कांदे तंबाखूच्या सौम्य अर्कात ठेवावेत व काही साध्या पाण्यातच राहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळांची टोके कापून अल्कोहोल व अ‍ॅसेटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात स्थिर करावीत, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून मऊ करावीत, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवावीत आणि काचपट्टीवर दाबून पाहावीत. अर्क व आम्ल यांची हाताळणी शिक्षकानेच हातमोजे घालून करावी. निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि शिकण्यासारखे बरेचसे त्या कंटाळ्यातच आहे. प्रत्येक काचपट्टीवरील हजार पेशी मोजून त्यांपैकी किती विभाजनावस्थेत आहेत, हे नोंदवावे. समजा, साध्या पाण्यातील मुळात ८० व अर्कातील मुळात ३० पेशी विभाजित होताना आढळल्या, तर विभाजन निर्देशांक अनुक्रमे ८ व ३ टक्के येतो. मोजणाऱ्यास काचपट्टी कोणत्या पेल्यातील आहे हे कळता कामा नये. पट्ट्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक असावेत. आपल्याला अपेक्षित तेच डोळ्यांना दिसते, याचा प्रत्यय एकाच पट्टीची दोघांनी स्वतंत्र मोजणी केल्यावर विद्यार्थ्यांना येतो.

एक अडचणीचा प्रश्न

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील : कर्करोगात पेशी अनिर्बंध विभाजित होतात, तंबाखूने तर विभाजन घटले, मग तंबाखू हे कर्करोगावरील औषध ठरत नाही काय? शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. विभाजन घटले याचा अर्थ पेशींना विषबाधा झाली, इतकाच. कर्करोगाचा धागा अन्यत्र आहे. पश्चावस्थेत गुणसूत्रांचे पूल, तुटलेले तुकडे, मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली सूक्ष्मकेंद्रके दिसतात काय, हे पाहावे. जी पेशी मरत नाही आणि असा बिघाड घेऊन पुढे विभाजित होते, तिच्या वंशात वर्षानुवर्षे बिघाड साचत जातात. कांद्याला मानवी कर्करोग होत नाही आणि हा प्रयोग कर्करोग 'सिद्ध' करीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विभाजन रोखणारी औषधे मात्र खरोखरच आहेत. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते व ते विभाजनातील तर्कुतंतू बनू देत नाही. निरोगी पेशींनाही त्याचा उपद्रव होतो, म्हणून त्याची मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली ठरते. सदाफुलीची पाने खाण्याचा घरगुती सल्ला देणाऱ्यांना हे सांगण्याची गरज आहे.

माणसांवरील संशोधन

स्वतःच्या किंवा घरच्यांच्या तोंडातील पेशी तपासण्याचा मोह शाळेने आवरावा. त्यात जंतुसंसर्गाची भीती आहेच. शिवाय एखादी विचित्र पेशी दिसल्यास विद्यार्थी निदान करू लागतो. माणसांवरील संशोधन प्रकाशित आकडेवारीतून शिकवावे. त्यासाठी मराठवाड्यातीलच उदाहरण उपलब्ध आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या अनुभवाच्या आधारे तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला व २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४, तर तुलना गटात ६४ महिला या कर्करोगाने मृत्यू पावल्या. गट जवळपास समान आकाराचे असल्याने दहावीचा विद्यार्थीही हा फरक समजू शकतो. तुलना गटातील महिलांना नियमित तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. त्या ६४ जणींविषयी वर्गात चर्चा घडवावी. तिचे उत्तर शिक्षकाने आधी ठरवून नेऊ नये.

महाविद्यालयाचा वाटा

शाळांकडे चांगले सूक्ष्मदर्शी व रंजकद्रव्ये अनेकदा नसतात. वरिष्ठ महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांत ती असतात आणि दिवाळीच्या सुटीत कपाटात पडून राहतात. आठ-दहा विद्यार्थ्यांची एक तुकडी, सहा दिवस, पदवीच्या अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी सहायक म्हणून, एवढ्यावर आरंभ करता येईल. कांदे मात्र शिबिराच्या तीन दिवस आधीच पाण्यावर ठेवावे लागतात आणि बाजारातील जुन्या कांद्यांपैकी काहींना मुळे फुटतच नाहीत. म्हणून लागतील त्याच्या दुप्पट आणावेत.