डोळे किलकिले केल्यावर

गेल्या वर्षी मी एक गोधडी शिवायला घेतली. अंगावर घ्यायची नव्हे, भिंतीवर लावायची. कापडं सहा महिने जमवत होते: डाळिंबी रंगाचा जुना रेशमी परकर, शेवाळी खण, आमसुली सुती साडी, गर्द हिरवं अस्तर. एकेक तुकडा हातात घेतला की जीव हरखायचा. डाळिंबी रेशमातून 23 कोयऱ्या कापल्या, त्यांची वेल केली आणि भोवती शेवाळी-हिरवी जमीन भरली. टेबलावर पसरून पाहिलं तेव्हा वाटलं, जमलं. मग सगळं टाचण्यांनी भिंतीवर लावलं, दारापर्यंत गेले, मागे वळून पाहिलं, तर वेल दिसेना. भिंतीवर मोठा तपकिरी डाग पडल्यासारखा दिसत होता.

फोनवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकला. डाळिंबी आणि शेवाळी यांची एकच राखाडी झाली होती. कोयरी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे मला सांगता येईना, आणि त्या कोयऱ्या तर मीच कापल्या होत्या.

त्याच संध्याकाळी कपाटातून आजीची वाकळ काढली. पांढऱ्या धोतराचे तुकडे, इरकली लुगड्याच्या काळपट पट्ट्या, मधेच एखादं विटकं गुलाबी ठिगळ. नीट रंग म्हणावेत असे दोन-तीनच. पण दारातून पाहिली तरी तिच्यातला चौकटीत चौकट बसवलेला डाव स्वच्छ दिसतो. रंग काढून टाकलेल्या फोटोतही तो जसाच्या तसा उभा होता. आजी चिंध्यांची दोन गाठोडी ठेवायची. एक उजळ, एक मळखाऊ. लाल एकीकडे, निळं दुसरीकडे असं तिने कधी केलं नाही. लहानपणी मला वाटायचं, हा धुण्याच्या सोयीचा हिशेब असेल. तिची सगळी रचना त्या दोन गाठोड्यांत होती, हे कळायला मला स्वतःची वेल भिंतीवर हरवावी लागली.

रंगाला तीन अंगं असतात. तो कोणता, हे पहिलं: लाल की निळा की पिवळा. तो किती भडक किंवा किती मंद, हे दुसरं. आणि तो किती उजळ किंवा किती गडद, हे तिसरं. चित्रकार या तिसऱ्या अंगाला ‘टोन’ म्हणतात. कापडाच्या दुकानात आपण पहिल्या दोन अंगांवर भाळतो, तिसऱ्याकडे लक्षच जात नाही. लिंबाचा पिवळा आणि जांभळाचा जांभळा शेजारी ठेवले तर कोणता उजळ हे कोणीही सांगेल. पण डाळिंबी आणि शेवाळीतला उजळ कोणता? डोळा लाल-हिरव्याच्या झगड्यात इतका गुंततो की त्याला हा प्रश्नच ऐकू येत नाही.

उजळ-गडदाचा आणि शेजाराचा संबंध ज्याने पद्धतशीर मांडला, तो चित्रकार नव्हता आणि विणकरही नव्हता. मिशेल-युजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ चरबी आणि साबण यांवरच्या कामासाठी नावाजलेला होता. 1824 साली त्याला पॅरिसच्या गोबलाँ या राजाश्रयाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख नेमलं. तिथे भिंतीवर टांगायचे मोठाले चित्रमय पडदे लोकरीत विणले जात. तक्रार अशी होती की इथली काळी लोकर फिकी पडते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांतल्या सावल्यांना ती वापरली की काळ्याला दम उरत नाही. शेव्रलने इतर नामांकित रंगशाळांमधली काळी लोकर मागवून शेजारी ठेवून तपासली. गोबलाँचा काळा त्यांच्या तोडीस तोड निघाला. लोकर तीच, रंग तोच. मग तो निळ्याजवळ गेला की का मरतो?

पुढची कित्येक वर्षं हा माणूस पट्ट्या शेजारी ठेवत राहिला आणि त्याला उत्तर मिळालं. निळ्याशेजारी ठेवलेल्या कोणत्याही रंगावर डोळा निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, पुसटशी झाक चढवतो. काळ्यावर नारिंगी झाक चढली की तो गंजल्यासारखा दिसतो. आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कापडात वाणही लागतो, आणि लागतो तो नेमका शेजाऱ्याच्या उलट.

1839 साली शेव्रलने हे सगळं एका जाडजूड ग्रंथात मांडलं. पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी तो वाचला. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवणारा सरा त्यांतलाच. मला मात्र त्यातला अगदी साधा प्रयोग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो रंगाशिवायचा आहे. फिक्या राखाडी कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, गडद राखाडीच्या दोन. एक फिकी आणि एक गडद कडेला कड लावून ठेवा, उरलेल्या दोन एकमेकींपासून लांब. चिकटलेल्या जोडीतली फिकी पट्टी तिच्या एकट्या बहिणीपेक्षा उजळ दिसते, आणि गडद पट्टी तिच्या बहिणीपेक्षा काळी. दोघी जिथे भेटतात त्या कडेवर हा फरक सगळ्यात तीव्र असतो. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आपल्यावर पडलेला उजेड कळवताना शेजारच्या पेशींचा आवाज थोडा दाबतात, म्हणून उजेड-अंधाराच्या सीमा उठून दिसतात. मी हा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला. पट्ट्या मीच कापल्या होत्या, एकाच कागदातून कापल्या होत्या, तरीही डोळ्यांना पटेना.

दिसणाऱ्या जगाचे आकार, खोली, कोण पुढे आणि कोण मागे, हे ठरवणारी मेंदूतली वाट मुख्यतः उजळ-गडदावर चालते. रंग तिला जवळजवळ दिसतच नाहीत. पॅरिसमध्ये मोनेचं 1872 सालचं सूर्योदयाचं चित्र आहे, ज्याच्या नावावरून ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द आला. त्यातला नारिंगी सूर्य भोवतीच्या राखाडी आभाळाइतकाच उजळ आहे. रंग काढून टाकला तर सूर्य जवळपास विरघळून जातो. रंगीत चित्रात तो थरथरतो, कारण मेंदूचा एक भाग म्हणतो सूर्य आहे, आणि जागा सांगणारा भाग म्हणतो इथे काहीच नाही. माझ्या भिंतीवरच्या डागात मोनेच्या सूर्याचाच गुण होता. फरक एवढाच की मोनेने ते जाणून केलं होतं.

आणखी एक गंमत संध्याकाळी अंगणात बघण्यासारखी आहे. जास्वंदीचं लाल फूल दुपारी पानांच्या गर्दीतून हाक मारतं. दिवेलागणीला पुन्हा पाहा. फूल काळं पडलेलं असतं आणि पानं अजून बरी उजळ असतात. यान पुर्किन्ये या बोहेमियातल्या शास्त्रज्ञाने 1825 साली हे नोंदवलं. भर उजेडात आपण ज्या पेशींनी पाहतो त्यांना हिरव्या-पिवळ्याच्या आसपासचा, 555 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सगळ्यात तेजस्वी वाटतो. अंधारात दुसऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांचा कल निळ्या-हिरव्याकडे, 500 च्या जवळपास, आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे कापडाचा उजळपणा कापडात एकदाच ठरून गेलेला नसतो. तीच गोधडी ट्यूबलाइटखाली एक असते आणि तिन्हीसांजेला दुसरी.

आता रचनेकडे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बायका गोधडीचा एक प्रकार शिवत, ‘लॉग केबिन’ म्हणजे ओंडक्यांची झोपडी. मधे छोटा चौकोन, बहुधा लाल, त्याला चुलीतला विस्तव म्हणत. त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या. नियम इतकाच की लगतच्या दोन बाजूंना उजळ पट्ट्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. पट्ट्यांचे रंग कोणतेही चालतात. त्यामुळे प्रत्येक चौकोन तिरका दुभंगतो, अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत. असे चाळीस-पन्नास चौकोन शिवून झाले की खरा खेळ सुरू होतो. नुसते फिरवून लावले तर कधी मोठाले समभुज चौकोन उमटतात, कधी नागमोडी, कधी नांगराच्या तासांसारख्या तिरप्या रेघा. तासांच्या त्या मांडणीचं नावच ‘सरळ तास’ अशा अर्थाचं आहे. सगळे रंग आणि सगळे तुकडे तेच राहतात, फक्त उजळ बाजू कुठे तोंड करते ते बदलतं, आणि सबंध गोधडीचं चित्र पालटतं. मी वर्तमानपत्राचे कपटे आणि काळे कागद घेऊन हा खेळ जमिनीवर मांडला. दुपारचे तीन तास कुठे गेले कळलं नाही.

येवल्याचे विणकर ज्याला धूपछाव म्हणतात त्यातही हेच ऊन-सावली नांदतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की कधी एक धागा उजेड परततो, कधी दुसरा. रेशमाचे धागे इतके बारीक की दोन्ही रंग मिसळून तिसराच भास होतो. जाड सुती धाग्यांत मात्र दोन रंगांचे टोन जवळचे असतील तरच ते एकजीव होतात. एक फार उजळ आणि दुसरा फार गडद घेतला तर कापड मिरमिरीत दिसतं, तांदळात काळे तीळ पडल्यासारखं.

माझ्या वेलीसाठी आधी मी लाल जिलेटीन कागदाचा उपाय करून पाहिला. लहानपणी आम्ही त्यातून सूर्य बघायचो. गोधडी शिवणारे अनेक जण तो डोळ्यासमोर धरतात, म्हणजे सगळं एकाच रंगात दिसतं आणि फक्त उजळ-गडद उरतं. कागदातून वेल झगझगीत दिसली! क्षणभर वाटलं, माझंच काहीतरी चुकत होतं. मग उमगलं की लाल कागद लाल उजेडच आत सोडतो, म्हणून डाळिंबी उजळते आणि हिरवं काळं पडतं. हिरव्या कागदातून बरोबर उलटं झालं. लाल-हिरव्याच्या भांडणात दोन्ही कागद पक्षपाती साक्षीदार. शेवटी जुना उपाय कामी आला: लांब उभं राहायचं आणि डोळे किलकिले करायचे. पापण्यांच्या जाळीत बारीकसारीक नक्षी बुडते, मोठे उजळ-गडद पट्टे तेवढे वर राहतात.

कोयऱ्या तशाच ठेवल्या. भोवतीची शेवाळी जमीन उसवली. हिरव्या अस्तराचा एक भाग खिडकीतल्या उन्हाने विटला होता, तो मी आधी टाकाऊ म्हणून बाजूला काढला होता. आता त्याचेच तुकडे कोयऱ्यांच्या कडेला लावले, खणाची उलटी, फिकी बाजू वर केली, आणि गर्द हिरवं पार कडेला, काठाजवळ नेलं. वेलीतलं डाळिंबी रेशीम होतं तेच होतं, एक धागाही बदलला नव्हता. पण विटक्या हिरव्याच्या शेजारात ते आधीपेक्षा जास्त लाल आणि जास्त खोल दिसू लागलं.

काल दिवेलागणीला मी मुद्दाम दिवा लावला नाही. खोलीतला उजेड ओसरत गेला तशा कोयऱ्या अंगणातल्या जास्वंदीसारख्या काळ्या पडत गेल्या. दारात उभी राहून मी त्या मोजल्या. 23.