दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : रस्ता लांबचा, वेळ कमी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ते नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही, पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजावे लागते. पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांत १११.३ अंशांचा कोन होतो आणि प्रत्येक अंशाला पृष्ठभागावर साधारण १११.२ किलोमीटर पडतात. गंमत म्हणजे हा दोरा दिल्लीहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो. तिबेट, सायबेरिया ओलांडत तो ७५ अंश अक्षांशाच्याही वर चढतो आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरतो.

विमान मात्र या रेषेवरून जात नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर त्याला सुमारे १०,००० फुटांपर्यंत झटपट खाली यावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी १४,००० फुटांहून उंच आहे. त्यामुळे वळसा आलाच.

एअर इंडियाची विमाने आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने उलटी दिशा धरली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण विमान साडेचौदा तासांत पोहोचले. जुन्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास आधी!

ही करामत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार हवाई झोत वाहतात; हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. विमानाचा वेग असतो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. हवाच पुढे सरकत असेल, तर तिचा वेग त्यात मिळतो; समोरून आली तर तेवढाच वजा होतो. वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर जमिनीच्या तुलनेत सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या आसपास येतो. एरवी अशी विमाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून फरक पडतो’ हे नेहमीचे स्पष्टीकरण इथे लागू नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते.

घड्याळाचा हिशेब वेगळाच. हिवाळ्यात दोन्ही शहरांत साडेतेरा तासांचा फरक असतो. पहाटे अडीचला निघालेला प्रवासी साडेचौदा तास उडून त्याच तारखेला पहाटे साडेतीनला उतरतो; आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस परत मिळतो.

मार्ग ठरवताना आणखी एक अट असते. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवायचा असतो. जून २०२३ मध्ये याच मार्गावरच्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेतील मगादानला उतरवावे लागले. प्रवाशांना पुढे न्यायला दुसरे विमान पाठवावे लागले.