मोटारीचे बॉनेट न उघडल्यास काय करावे

हल्ली पुष्कळ शेतकरी बंधूंचे दारी मोटार अथवा मालवाहू गाडी असते. धूळ, चिखल व गंज यांचे योगाने बॉनेटची तार अडकते किंवा तुटते. मग इंजिनातील तेल व रेडिएटरचे पाणी पाहता येत नाही. अशा वेळी पहारीने बॉनेट उचकटू नये. पत्रा मात्र वाकतो, खिट्टी तशीच राहते.

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. नंतर एकाने बॉनेटची पुढील बाजू खिट्टीच्या जागी तळहातांनी दाबावी व त्याच वेळी दुसऱ्याने आतील कळ ओढावी. दाबामुळे खिट्टीवरील ताण कमी होऊन ती बहुधा सुटते. कळ मोडली असल्यास तारेचे टोक पकडीने धरून ओढावे. तार मध्येच तुटली असल्यास पुढील जाळीतून विजेरीने खिट्टी पाहून ती लांब पेचकसाने सरकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

बॉनेट उघडताच खिट्टी पुसून वंगण द्यावे व खराब तार बदलावी. खिट्टी पक्की बसल्यावाचून गाडी हाकू नये. वेगात बॉनेट उसळून काचेवर आदळल्यास समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर चार थेंब वंगण घातल्यास ही अडचण सहसा येत नाही.