अफूवर्गीय औषधांची अतिमात्रा : आमची सिद्धता

कर्करोग व शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी मॉर्फीन, फेंटॅनिल ही अफूवर्गीय वेदनाशामके अपरिहार्य आहेत. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ती मान्यताप्राप्त रुग्णालयांना मिळणे सुलभ झाले. परंतु अतिमात्रा झाल्यास श्वसन मंदावते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व हाकेस प्रतिसाद मिळत नाही. हा धोका रुग्णांपुरता नाही. ही औषधे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही तो आहे.

नॅलोक्सोन हा त्यावरील उतारा. अहवालवर्षात सराव घेतला असता तो मॉर्फीनसमवेत दुहेरी कुलपात, आणि किल्ली भोजनास गेलेल्या परिचारिकेकडे, असे आढळले. हिशेबाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती, हे आम्ही संकोचाने नमूद करतो. वस्तुतः नॅलोक्सोनने नशा येत नाही. त्यास कुलूप कशासाठी? आता ते प्रत्येक कक्षातील आपत्कालीन ट्रॉलीवर असते.

अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारावयाचा फवारा चिठ्ठीविना मिळू लागला व तेथील अनेक कार्यालयांनी तो प्रथमोपचार पेटीत ठेवला. आमच्याकडे इंजेक्शन डॉक्टर वा परिचारिकाच देतात. सफाई कामगार व सुरक्षारक्षकांना शिकविले ते एवढेच : हाक मारावी, मदत बोलवावी, श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे. श्वास थांबल्यास प्रशिक्षिताने पिशवी-मुखवट्याने तो द्यावा. उतारा येईपर्यंत थांबू नये.

नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, मूळ औषधाचा त्याहून अधिक काळ टिकू शकतो. म्हणून "मी बरा आहे" म्हणणाऱ्यासही निरीक्षणाखाली ठेवले जाते. वापरलेल्या फेंटॅनिल पट्टीतही औषध उरते. ती चिकट बाजू आत दुमडून परिचारिकेकडेच द्यावयाची आहे, केराच्या टोपलीत नव्हे.