विहिरीचा काठ आणि आपली लेकरे



उसाला पाणी हवे म्हणून रानात विहीर आली, पाट आला, आता शेततळीही झाली. आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा कठडा नसलेल्या विहिरी दिसतात, आणि जवळच आपली व तोडणी कामगारांची पोरे खेळताना दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोरगं विहिरीत सोडायची आपली रीत चांगलीच. पण ती सहा-सात वर्षांपुढे, आणि पट्टीचा पोहणारा सोबत असेल तरच. तान्ह्याला पाण्यात खेळवले म्हणून ते बुडायचे वाचत नाही. रांगत्या पोराला बादलीतले पाणीही पुरते, आणि बुडताना ते बहुधा ओरडतही नाही. त्याला राखण हवी ती मोठ्यांच्या नजरेची आणि कुंपणाची.

शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद निसरडा असतो. पोहणाऱ्या गड्यालाही वर चढता येत नाही. भोवती कुंपण घाला. काठाच्या खुंटाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा.

पोर बाहेर काढल्यावर उलटे धरून पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

यंदा गाळप सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या विहिरीचा काठ एकदा जातीने पाहावा, एवढीच आमची विनंती.