एका स्वयंपाकघरातले दोन तवे

आपल्या घरात स्वयंपाकघर एक असले, तरी त्यात हात दोघींचे, कधी तिघींचे असतात. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे ज्वारीची भाकरी हे आजही नित्याचे अन्न. आणि भाकरीसाठी लोखंडी तव्याखेरीज दुसरा तवा आजी मानत नाहीत. सुनेला कमी तेलातल्या धिरड्यासाठी नॉनस्टिक हवा असतो. मग एखाद्या घाईच्या सकाळी त्याच तव्यावर भाकरी पडते, लोखंडी उलथने फिरते आणि लेप खरवडला जातो. बोलणी कोणी खायची, हा प्रश्न दिवसभर घरात रेंगाळतो.

अशा घरी दोन तवे असणे हा उधळेपणा नव्हे. भाकरीला कडक आच लागते. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, त्याची वाफ श्वासाला अपायकारक असते आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ही मर्यादा काही मिनिटांतच गाठतो.

गव्हातील ग्लुटेन न सोसणारा, म्हणजे सिलिअ‍ॅक रोग असलेला कोणी घरात असेल, तर प्रश्न भांडणाचा राहत नाही, प्रकृतीचा होतो. ज्वारी अशा रुग्णाला चालते. परंतु लोक नवा तवा आणून निश्चिंत होतात, तेथेच चूक होते. घासता येणाऱ्या तव्यापेक्षा लाकडी पोळपाट, लाटणे, काठवट आणि पिठाची चाळणी यांत गव्हाचे पीठ अधिक दडते. दुजोड आधी यांची करावी. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, तर दुसरी सारी भांडी व्यर्थ ठरतात! त्या रुग्णाचे दळण घरच्या जात्यावर किंवा केवळ त्यासाठी राखलेल्या घरघंटीवर व्हावे.

पितळी पातेली मोडीत काढण्याची मात्र घाई करू नये. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल 232 अंशांना वितळते. म्हणून रिकामे पातेले आचेवर ठेवू नये. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी वा ताकाची कढी करू नये.

दुसरा कुकर बहुधा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. रक्तदाब असलेल्या आजोबांसाठी वरण शिजल्यावर, मीठ घालण्यापूर्वीच, दोन पळ्या वेगळ्या काढाव्यात. लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी, वरून लिंबू पिळावे. त्यासाठी अर्ध्या लिटरचे छोटे पातेले पुरते.

हे पातेले घेताना दुकानात ते पाणी भरून उचलून पाहावे, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांनाच उचलू द्यावे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना जड भांडे सांडशीत धरवत नाही; हलके, रुंद बुडाचे, न तापणाऱ्या मुठीचे पातेले पेलते. ते वरच्या फळीवर नको, ओट्यावर हाताशी असावे. दुपारी घर निजलेले असताना आजींना आपला चहा कोणाला न उठवता करून घेता येतो.